बोट उलटी कोण लावतं?

आधी एक खुलासा करते. या सदरातल्या अनुभवांखाली ‘तेव्हा लाइट गेले होते का?’, ‘रात्री जेवायला काय होतं?’ असल्या प्रतिक्रिया देऊन लेखकांच्या तोंडाची चव घालवणारी जी बाई आहे ना, ती मीच. आज तीच बाई अनुभव लिहायला बसलीय म्हटल्यावर काहींना आनंद होईल. होऊ द्या. मलाही तुमच्या जागी झाला असता.

मी विमा कंपनीत क्लेम तपासते. गोडाऊनला आग लागली, ट्रक दरीत गेला, पावसाचं पाणी मशिनमध्ये शिरलं, की तिथे जाऊन ‘हे असं कसं झालं?’ विचारायचं, हे माझं काम. ‘आपोआप झालं हो मॅडम’ या वाक्यावर मी आजवर एकही क्लेम पास केलेला नाही. त्यात आमचं घर असं, की भूतखेत, भानामती, दृष्ट काढणं यांना दारातच बंदी. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं सामान घराबाहेर टाकलं आणि बाबांनी ते परत कधी आत येऊ दिलं नाही. लहानपणी मी पिंपळाखालून जायला घाबरते म्हटल्यावर त्यांनी मला त्याच पिंपळाखाली बसवून पाढे म्हणायला लावले होते. तेव्हा कृपा करून ‘मॅडमना आधीपासून विश्वास असणार’ असं कुणी लिहू नका.

आता मुद्दा. आम्ही वारज्यात राहतो — मी, माझा धाकटा भाऊ अनिल आणि बाबा. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली, पुण्यात आले आणि इथेच राहिले. सगळं आयुष्य धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलं, पण त्या पाण्यावर ते कधी गेले नाहीत. त्यांच्या गावात मोठं तळं होतं. शिंगाडे काढायला त्यात डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, फिरायचे. आमच्या लोकांना डोंग्यात बसायची मुभा नव्हती, काठावर उभं राहून बघायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरंच काही बोलता बोलता, आणि मग लगेच भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. जी नजर गेली ती गेली, उरलेली औषधांनी जमेल तेवढी धरून ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. कडेकडेचं दिसेनासं होत होतं, मधलं तेवढं शिल्लक होतं. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना रिक्षात बाबा मला (मित्रा माझं नाव) म्हणाले, “मित्रा, मला एक बोट घ्यायची आहे. शिडाची. दुसरा काठ दिसतोय तोवर एकदा स्वतः चालवून पाहतो.”

मी हो म्हटलं. अनिल म्हणाला, तुम्हा दोघांना वेड लागलंय. पण बोट शोधायला सगळ्यात आधी तोच गेला.

पुण्यात बोट मिळते का, असं विचारू नका. पुण्यात सगळं मिळतं, फक्त विकणाऱ्याची मर्जी लागते. नारायण पेठेतल्या एका काकांनी त्यांची जुनी फायबरची, चौघांना पुरेल अशी शिडाची बोट विकायला काढली होती. ती दाखवण्याआधी त्यांनी आमची अर्धा तास उलटतपासणी घेतली. पोहता येतं का? गाठी मारता येतात का? बोट घेऊन तिच्यावर वाढदिवस साजरे करणारे लोक आम्ही नाही ना? बाबांनी बोटीवरून सगळीकडे हात फिरवला, बुडाशी वाकून बोटांनी टकटक करून आवाज ऐकला आणि एका जागी थांबून म्हणाले, इथे दुरुस्ती झालेली आहे. काकांचा चेहरा पहिल्यांदाच जरा मवाळ झाला. “आहे. आणि चांगली केलेली आहे,” एवढं बोलून त्यांनी व्यवहार पक्का केला.

ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न होता. खडकवासल्याची चौपाटी आणि तिथली कणसं-भजीची गर्दी ओलांडून पानशेत रस्त्याने पुढे गेलं की बॅकवॉटरच्या काठी एक खासगी बोट क्लब आहे. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जायचं असतं. पिंपांवर तरंगणारा एक लांब धक्का, त्याला हाताच्या बोटांसारखे फुटलेले फाटे, आणि दोन फाट्यांच्या मधे एक बोट राहील एवढी जागा. तिला गाळा म्हणतात. अर्धे गाळे उघडे आणि अर्ध्यांवर पत्र्याची शेड. सेक्रेटरी साहेबांना शेड म्हटलेलं चालत नाही, त्यांना ‘कव्हर्ड मरीना’ लागतं. धक्क्यावर पाटी आहे : ‘बोट आपली असली तरी धक्का आपला नाही, याची जाणीव ठेवावी.’

उघडा गाळा घ्यावा की शेडमधला? आम्ही तिघंही उन्हात गाडी लावली तर आसन तापेल म्हणून सावली शोधत तीन चकरा मारणारी माणसं. उन्हानं फायबर खराब होतं, शिडाचं कापड कुजतं, शेडमधलाच घ्या, असं आम्ही एकमताने ठरवलं. टोकाचा गाळा रिकामा होता. खोल पाणी, दाट सावली. मी विमावाली, म्हणून छताचे खांब, दोर बांधायचे खुंट, सगळं हलवून बघितलं. घेतला.

आणि बोट आणली त्या दिवशी कळलं, की शिडाच्या बोटीला डोलकाठी असते आणि शेडला छप्पर असतं.

हसा. सेक्रेटरी पण हसले. तिघं शिकलेली माणसं, त्यातला एक जन्मभर नकाशे काढणारा, आणि उंची कुणी मोजलीच नाही. उघडे गाळे तोवर सगळे गेलेले. मग दर वेळी डोलकाठी काढून बोटीवर आडवी बांधायची, बोट गाळ्यातून वल्ही मारत बाहेर काढायची, धक्क्याच्या उघड्या टोकाला नेऊन तिथे काठी उभी करायची, तिचे ताणाचे दोर बांधायचे, शीड चढवायचं, हे कर्म नशिबी आलं. दोन धडधाकट माणसांना पुरून उरणारं काम. ते होईपर्यंत एक वाजायचा, आणि एक ते चार क्लब बंद. पाण्यावर खरा वारा एक ते चारमध्येच सुटतो. सेक्रेटरींना हे सांगितलं तर म्हणाले, वाऱ्यानं आपली वेळ बदलावी.

हेही सहन केलं असतं. पण त्यांनी आणखी एक नियम काढला. सुकाणू धरणाऱ्याची नजर ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र हवं. बाबांना ते कुठून मिळणार? मी भांडले, विनवण्या केल्या, अनिल शेजारी बसेल म्हटलं, हवं तर किनाऱ्या-किनाऱ्यानं जाऊ म्हटलं. “अहो मॅडम, आजोबांना आपण बसवून फिरवू की. चालवायला नाही देता येणार. आपल्याच क्षेत्रातलं आहे, आपल्याला कळायला हवं.” खरं सांगायचं तर कळत होतं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आणि त्यानंच जास्त डोकं फिरत होतं.

बाबांनी नुसतं बसून फिरायला साफ नकार दिला. म्हणाले, नुसतं बसायला सिटी बस आहे.

मग आमचे रविवार असे जाऊ लागले. सकाळी डबा घेऊन क्लबवर जायचं. बाबा लाइफ जॅकेट घालून शेडमधल्या बोटीत मागे सुकाणूपाशी बसायचे. बोट खुंटांना बांधलेली, काठी आडवी, वर पत्रा. ते सुकाणू हळूहळू इकडेतिकडे करायचे, पाण्याचा आवाज ऐकायचे आणि जेवायच्या वेळी उतरायचे. मला ते बघवायचं नाही. मी धक्क्यावर बसून अर्ज आणि मेल लिहायचे. कधी दुसरे क्लब शोध, कधी पवना धरणाकडच्या क्लबांना फोन कर, कधी नियम पाहून ये... प्रत्येक ठिकाणी काही ना काही आडवं यायचं. आणि प्रत्येक रविवारी बाबा विचारायचे, आज पलीकडची टेकडी स्वच्छ दिसते का गं? मला दिसायची. त्यांना किती दिसते, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

या सगळ्यात बोट उलटी लागायला लागली.

नीट सांगते. आम्ही बोट तोंड आत करून लावायचो. म्हणजे पुढचं टोक शेडच्या आतल्या बाजूला आणि सुकाणूची बाजू उघड्या पाण्याकडे. बाबांना तिथे बसल्यावर पाणी जवळ वाटायचं म्हणून. एका रविवारी आलो तर तोंड बाहेर. वाटलं, कुणीतरी साफसफाईला हलवली असेल. अनिलनं आणि मी बाहेर काढून, फिरवून परत लावली. पुढच्या रविवारी परत तोंड बाहेर. गाळ्याची रुंदी इतकी कमी, की बोट आतल्या आत फिरणं शक्य नाही. ती बाहेर काढावीच लागते, दोर सोडावे लागतात. आणि दोर आमच्याच गाठींनी बांधलेले. अनिलची गाठ ओळखू येते, तो एक वेढा जास्त मारतो. वरची ताडपत्री जशीच्या तशी, तिच्यावर आठवड्याची धूळ.

वॉचमनला विचारलं. मारुतीमामा तिथल्याच गावचे. ते शपथेवर म्हणाले, “ताई, बोट हाय तिथंच हाय. कुनी हात लावला न्हाय.” मला वाटलं, पाठीमागून बोट भाड्यानं देतायत पिकनिकवाल्यांना. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. सेक्रेटरींनी सांगितलं की कॅमेरा पार्किंगवर आहे, कारण चोरी गाड्यांची होते, बोटी कुणी खिशात घालून नेत नाही. मी साखळी आणि कुलूप आणलं. पुढच्या रविवारी कुलूप जागेवर, साखळी जागेवर, बोटीचं तोंड बाहेर.

अनिल म्हणाला, सोड ना, राहू दे तशीच. पण माझं डोकं आउट झालं होतं. बाबांना सुकाणू धरू द्यायला यांच्याकडे नियम आहेत, आणि माझी बोट कोण फिरवतंय ते बघायला नाहीत? खरं तर राग बोटीचा नव्हताच. बाबांची नजर महिन्यामहिन्याला आटत होती, घरात ते आता भिंतीला हात लावून चालत होते, आणि मी काहीही घडवून आणू शकत नव्हते. त्या रागाला जायला कुठेतरी वाट हवी होती, ती या उलट्या बोटीनं दिली.

तो रविवार उन्हाळ्याचा होता. सकाळची वेळ, लख्ख ऊन. पाणी उतरलेलं, वारा अजिबात नाही. इतका नाही, की समोरचं पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट होतं. बोट परत तोंड बाहेर करून उभी. मी आणि अनिलनं घाम गाळून ती फिरवली, तोंड आत केलं, दोर बांधले, आणि मी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले. आज सेक्रेटरीला सोडायचं नाही, असं ठरवून. बाबा नेहमीसारखे मागे सुकाणूपाशी जाऊन बसले. अनिल कँटीनकडे चहा सांगायला गेला.

शेडमध्ये नेटवर्क येत नाही. फाट्याच्या अगदी टोकाला, गाळ्याच्या तोंडाशी उभं राहिलं तरच येतं. मी तिथे उभी राहिले, तोंड पाण्याकडे करून. बाबा माझ्या मागे, हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता इतक्या अंतरावर. गाळ्यातून बोट बाहेर पडायची तर माझ्या पायाशीच घासून जाणार, दुसरी वाटच नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण क्लेम तपासताना मी हेच पहिलं विचारते : बाहेर जायचे रस्ते किती? तर एकच होता, आणि त्यावर मी उभी होते.

सेक्रेटरींनी फोन उचलला. मी सुरू झाले. फोटो पाठवते म्हटलं, तक्रार करते म्हटलं, तुमच्या मरीनाला मी शेडच म्हणणार म्हटलं. ते त्यांच्या थंड आवाजात म्हणाले, “मॅडम, बोट आपल्या गाळ्यात आहे ना? मग तिचं तोंड कुठे आहे, हा बोटीचा खासगी प्रश्न आहे.” त्यावर मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. चहाला उकळी यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आम्ही भांडलो असू. पूर्ण वेळ माझी नजर समोरच्या पाण्यावर होती. समोर काही नव्हतं. एक बगळा होता, तोही हलला नाही.

मी फोन ठेवला आणि मागून बाबांची हाक आली, “मित्रा.”

आवाज लांबून आला. शेडच्या आतल्या टोकाकडून.

मी वळले. बोटीचं पुढचं टोक माझ्या गुडघ्याशी होतं. तोंड बाहेर. आणि बाबा दुसऱ्या टोकाला, आत सावलीत, सुकाणूवर हात ठेवून बसलेले. दोर खुंटांना बांधलेले. डोलकाठी आडवी, तिच्यावर अनिलचे ते जादा वेढे. मी फाट्यावरून चालत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांचा शर्ट छातीपासून ओला होता, चष्म्यावर पाण्याचे थेंब वाळत होते, आणि ते हसत होते. माझ्या बाबांना मोकळं हसताना मी फार कमी वेळा बघितलंय.

“काय वारा होता,” ते म्हणाले. चाळीस वर्षं पुण्यात राहून त्यांची गावची बोली कधी ऐकू यायची नाही, ती तेव्हा आली. “पार पलीकडे गेलो. त्या टेकडीच्या मागं जुनी विहीर आहे पाण्यात, तिच्या कठड्याला वळसा घालून आलो. सुकाणू लय जड होऊन राहिलं होतं येताना. पण मी सोडलं नाही.”

मी त्यांचा हात हातात घेतला. तळव्यावर दोराचा लाल वळ उठलेला होता, ताजा.

अनिल चहा घेऊन आला तेव्हा मी बोटीत गुडघ्यांवर बसून शिडाची पिशवी उघडत होते. शीड ओलं होतं. आतपर्यंत, घड्यांमध्ये. अनिल एकदा बोटीकडे बघे, एकदा माझ्याकडे. “आत्ता तर आपण फिरवली,” एवढंच तो म्हणाला. चहा त्याच्या हातात तसाच गार झाला.

पुढचे काही दिवस मी माझं काम केलं. म्हणजे शंका काढल्या. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर जाताना काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात, मेंदू रिकामी जागा भरून काढतो, त्यात वेड वगैरे काही नाही. ठीक. त्यानं विहीर दिसेल. शीड कसं भिजेल? शीड आधीच ओलं असेल, असं अनिल म्हणाला. सकाळी ती पिशवी मीच उचलून बाजूला ठेवली होती, कोरडी होती. विहिरीचं बाबांना नकाशावरून माहीत असेल — असेल, तो सगळा भाग त्यांच्या टेबलावरून गेलेला आहे. मी आणि अनिल नंतर एकदा सगळा कुटाणा करून, काठी उभी करून त्या टेकडीमागे गेलो. विहीर होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कठडा वर येतो, असं मारुतीमामांनीही सांगितलं, म्हणजे त्यांनीच बाबांना कधी बोलता बोलता सांगितलं असण्याची शक्यता मी धरून चालते. मला उन्हाची झापड आली असेल? भांडताना? मला ओळखणारे यावर हसतील. कुणी गंमत केली असेल तर बोट माझ्यासमोरून बाहेर काढून, काठी उभारून, फिरवून, परत तशाच गाठी मारून आणावी लागेल, आणि तेही एका फोनच्या वेळात. अशी माणसं असतील तर त्यांना आधी क्लबवर नोकरीला ठेवा.

मी काहीही पास करू शकले नाही. नामंजूरही करता येईना.

त्या दिवसानंतर बोट एकदाही फिरली नाही. आम्ही लावू तशी राहते. मला यानं बरं वाटायला हवं होतं, उलट जास्त चीड आली. जणू काम झालं आणि विषय संपला. मला कुणी विचारलं? पावसाळा सरता सरता बाबांचं मधलं उरलेलंही गेलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण ते रडले नाहीत, आणि सुकाणूच्या परवानगीसाठी मी चालवलेली खटपट त्यांनीच थांबवली. आता कशाला, म्हणाले, झालं की.

झालं की! माझं काहीच झालं नव्हतं.

यंदा बुद्धपौर्णिमेला नागपूरहून आत्या आली होती. घरात पाहुणे, वंदना झाली, खीर झाली, आणि बाबांनी बोटीची गोष्ट काढली. ते ती सगळ्यांना सांगतात, दर वेळी अगदी तशीच, एक शब्द वाढवत नाहीत. सगळे ऐकत होते. आत्याचे डोळे भरून आले होते, कारण ते तळं तिनंही काठावरूनच पाहिलेलं. गोष्ट संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

“तू तं तिथंच होती ना माय? खरंच चालवली का त्यानं?”

अनिलनं मान खाली घातली. बाबांचा चेहरा माझ्या दिशेला होता, जरा बाजूला चुकलेला. या माणसानं मला शिकवलं होतं, की जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही. ‘होते,’ असं मी म्हणाले. पुढचं वाक्य काय बोलायचं ते मला आजही माहीत नाही. मी तोंड उघडलं होतं एवढं खरं.

“तिले काय विचारता,” बाबा म्हणाले. “ती फोनवर होती.”

सगळे हसले. आत्या डोळे पुसत हसली, अनिलही हसला. खिरीच्या वाट्या परत फिरायला लागल्या. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि एकटीच कितीतरी वेळ धुमसत राहिले. प्रतिक्रियांमध्ये तुम्ही कारणं लिहाल, जरूर लिहा, मी सगळी वाचेन, आणि बहुतेक सगळी खोडून काढेन. माझ्याकडे या गोष्टीचं उत्तर नाही, आणि खरं सांगू का, आता ते मिळालं नाही तरी माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. मी त्याच पाण्याकडे बघत उभी होते. माझे बाबा बोट चालवत होते, आणि मला ते एकदा बघायचं होतं.